चापुल्तेपेकचा किल्ला, मेक्सिको सिटी: महाल बघाच, पण गाड्यांची खोली चुकवू नका

म्युझियमला पाचपैकी पाच. आणि ज्या टूरवाल्यांबरोबर आम्ही पहिल्यांदा गेलो त्यांना दोन, तेही आईचे गुडघे दुखतात म्हटल्यावर चढणीवर त्यांच्या माणसाने तिला मनापासून सांभाळून वर नेलं म्हणून. हे जरा सविस्तर लिहिते, कारण जाण्याआधी मी मराठीत शोधलं तर बाग छान आहे, फोटो मस्त येतात, याच्यापलीकडे काही सापडलं नाही, आणि ही जागा फोटोपुरती नाहीये हो.

मी कंपनीच्या कामासाठी केरेतारोला राहते, तिथून बसने तीनेक तासांत मेक्सिको सिटी. आई-बाबा साताऱ्याहून आले होते. बाबांनी आयुष्यभर हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला, त्यामुळे त्यांना बीचबिच नको होतं, "तो परका बादशहा कुठे राहायचा ते दाखव" एवढंच मागणं. म्हणून एक दिवसाची गाइडेड टूर ऑनलाइन बुक केली.

आधी जागेबद्दल थोडक्यात. चापुल्तेपेक म्हणजे इथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेत नाकतोड्यांची टेकडी. वरची इमारत स्पॅनिश व्हाइसरॉयने १७८५ मध्ये बांधायला घेतली, पुढे तिथे लष्करी शाळा आली, १३ सप्टेंबर १८४७ ला अमेरिकन सैन्याने हीच टेकडी चढून किल्ला घेतला, त्यात जे कोवळे कॅडेट मेले त्यांचं स्मारक खाली पायथ्याशी आहे. १८६४ मध्ये मॅक्सिमिलियन, म्हणजे बाबांचा तो परका बादशहा, आला आणि त्याने याचा राजवाडा केला. तो गेल्यावर राष्ट्राध्यक्ष राहायचे, मग लासारो कार्देनास म्हणाले मी इथे राहणार नाही, हे लोकांचं होऊ दे, आणि १९४४ मध्ये राष्ट्रीय इतिहास संग्रहालय म्हणून उघडलं.

आता टूरचं सांगते. गाइड बोलायला गोड, इंग्रजी चांगलं, पण त्याने आम्हाला दोन तास एकच गोष्ट सांगितली. एक देखणा ऑस्ट्रियन राजपुत्र होता, त्याची बेल्जियमची राजकन्या बायको कार्लोटा होती, दोघं स्वप्नं घेऊन आले, ही त्यांची बेडरूम, ही बाग, ह्या गच्चीतून ती त्याची वाट बघत बसायची, मग दुष्टांनी त्याला गोळ्या घातल्या आणि ती वेडी झाली. संपलं. आजूबाजूचे पाहुणे हळहळले, आईच्या डोळ्यांत पण पाणी आलं, आणि मी तिला दोष देत नाही, बाई खरंच त्यानंतर साठ वर्षं जगली, १९२७ मध्ये बेल्जियममध्ये वारली, तिच्या आयुष्याचं वाईट कुणालाही वाटेल. पण बाबा बसमध्ये परत येताना गप्प. मग म्हणाले, "अगं, पण त्याला बोलावलं कुणी, पैसे कुणी दिले, हे त्या पोराने सांगितलंच नाही."

नेमकं हेच. आणि ते सगळं त्याच इमारतीत मांडलेलं आहे, फक्त आम्हाला त्या खोल्यांमधून भरभर पुढे नेलं. म्हणून पुढच्या आठवड्यात मी आणि बाबा दोघंच परत गेलो, गाइड न घेता, सकाळी उघडायच्या वेळेला. हा रिव्ह्यू खरा त्या दुसऱ्या दिवसाचा आहे.

तर झालं असं होतं की मेक्सिकोत तीन वर्षं घरातलंच युद्ध चाललं होतं, एका बाजूला चर्च आणि जमीनदार आणि जुने सेनापती, दुसऱ्या बाजूला लिबरल, म्हणजे चर्चची सत्ता कमी करायला निघालेले सुधारणावाले, ज्यांचा म्होरक्या बेनितो हुआरेस. हा हुआरेस ओआहाकाच्या डोंगरातल्या सापोतेक आदिवासी घरातला, लहानपणीच आई-बाप गेलेला, स्पॅनिश सुद्धा बारा वर्षांचा झाल्यावर शिकलेला माणूस, वकील झाला आणि राष्ट्राध्यक्ष झाला. लिबरल जिंकले पण तिजोरी रिकामी. १७ जुलै १८६१ ला त्याने जाहीर केलं की परदेशी कर्जाचे हप्ते दोन वर्षं भरणार नाही. नाही म्हणाला नव्हता तो, थांबा म्हणाला होता. ब्रिटन, स्पेन आणि फ्रान्सने लंडनला बसून करार केला आणि वसुलीला आरमार पाठवलं. ब्रिटन आणि स्पेनच्या थोड्याच दिवसांत लक्षात आलं की फ्रान्सला पैसे नकोत, देश हवाय, एप्रिल १८६२ मध्ये ते दोघं परत गेले. फ्रेंच राहिले. ५ मे १८६२ ला पुएब्लाला मेक्सिकोच्या जनरल सारागोसाच्या फौजेने त्यांना मागे रेटलं (अमेरिकेत राहणाऱ्यांनी सिन्को दे मायोच्या पार्ट्या बघितल्या असतील, त्या ह्याच दिवसाच्या, स्वातंत्र्यदिन नाहीये तो). मग फ्रान्सचा बादशहा नेपोलियन तिसऱ्याने अजून हजारो सैनिक पाठवले, वर्षभराने पुएब्ला पडलं, जून १८६३ मध्ये राजधानी गेली.

मग फ्रेंचांच्या संगिनींच्या सावलीत मान्यवर लोकांची एक सभा भरवली, तिने ठरवलं की मेक्सिकोला राजा पाहिजे, आणि ऑक्टोबरमध्ये एक शिष्टमंडळ त्रिएस्तेजवळच्या मिरामारे महालात मॅक्सिमिलियनकडे मुकुट घेऊन गेलं. तो ऑस्ट्रियाच्या बादशहाचा धाकटा भाऊ, आधी लोम्बार्डी-व्हेनिसचा व्हाइसरॉय होता, तेही हातातून गेलेलं, समुद्राकाठी महाल बांधत बसलेला. त्याने बिचाऱ्याने एक बरोबर प्रश्न विचारला, की लोकांना मी हवा आहे का ते आधी विचारा. मग फ्रेंच फौजेच्या ताब्यात जेवढा मुलूख होता तिथून पाठिंब्याचे कागद गोळा झाले आणि त्याच्यासमोर ठेवले गेले, आणि त्याने ते खरे मानले. १० एप्रिल १८६४ ला मुकुट स्वीकारला.

इथे बाबा एका गोष्टीवर अडून बसले आणि मला ती तेव्हापासून सारखी आठवते. मिरामारेचा जो करार झाला त्यात लिहिलं होतं की फ्रान्सने मेक्सिको जिंकायला जो खर्च केला तो मेक्सिकोने द्यायचा, १ जुलै १८६४ पर्यंतचे २७ कोटी फ्रँक, आणि त्यापुढे जो फ्रेंच सैनिक तिथे राहील त्याच्यामागे वर्षाला हजार फ्रँक. म्हणजे कर्जाचे हप्ते थकले म्हणून ज्या देशावर चालून आलात त्याच्याच डोक्यावर चालून येण्याचं बिल. आयजीच्या जिवावर बायजी उदार आपण म्हणतो, इथे तर आयजीच्याच घरात घुसून. राज्य सुरू व्हायच्या आधीच ते दिवाळखोर होतं, मुकुट डोक्यावर आला तेव्हाच सगळं पॅरिसच्या मर्जीवर होतं, आणि हे एक वाक्य जरी गाइडने सांगितलं असतं तरी पुढची सगळी गोष्ट आईला वेगळी ऐकू आली असती.

नोव्हारा नावाच्या युद्धनौकेवरून ते दोघं निघाले. दीड महिन्याचा प्रवास. त्या प्रवासात मॅक्सिमिलियन दरबाराचे नियम लिहीत होता, कुणी कुठे उभं राहायचं, कुठल्या समारंभाला कुठला पोशाख. देश अजून पाहिलेला नाही आणि दरबार मांडून तयार. २८ मे १८६४ ला वेराक्रूझला पोहोचले तर रस्ते सुने. राजधानीत मात्र थाटात स्वागत झालं, आणि पहिल्या रात्री राष्ट्रीय राजवाड्यात इतके ढेकूण निघाले की बादशहा बिलियर्डच्या टेबलावर झोपला असं सांगतात. म्हणून मग चापुल्तेपेकची टेकडी.

महाल सुंदर आहे, ते मी नाकारत नाही. गच्चीवरची बाग, काळ्या-पांढऱ्या फरशा, मॅलाकाइट या हिरव्या दगडाचं दालन, रंगीत काचांचा लांब व्हरांडा. फक्त एक लक्षात ठेवा, इथलं बरंचसं सामान आणि त्या काचासुद्धा मॅक्सिमिलियनच्या नाहीत, नंतरचा राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियासच्या काळातल्या आहेत, टूरमध्ये सगळं "कार्लोटाचं" म्हणून खपवलं जातं, बाहेरच्या पाट्या नीट वाचा. गच्चीतून समोर एक सरळ रुंद रस्ता शहरात जाताना दिसतो, तो मॅक्सिमिलियननेच काढला, किल्ल्यापासून शहरापर्यंत, नाव होतं सम्राज्ञीचा रस्ता. आज तो पासेओ दे ला रेफोर्मा आहे, म्हणजे ज्या सुधारणांसाठी हुआरेसचे लोक लढले त्यांच्या नावाचा. तिथे बाबा दहा मिनिटं उभे होते.

मॅक्सिमिलियनबद्दल मला मनापासून एक म्हणायचं आहे, कारण दोन्हीकडून त्याच्यावर अन्याय होतो. माणूस क्रूर वृत्तीचा नव्हता. ज्या चर्चवाल्यांनी बोलावलं त्यांना वाटलं होतं की जप्त झालेल्या जमिनी परत मिळतील, याने दिल्या नाहीत, हुआरेसचे कायदे बरेचसे तसेच ठेवले. शेतमजुरांना कर्जापायी बांधून ठेवायची पद्धत होती, दहा पेसोच्या वरची त्यांची कर्जं रद्द केली, कामाचे तास ठरवले, काही फर्मानं नाहुआत्लमध्ये छापली. १८६४ च्या सप्टेंबरात जिथून स्पेनविरुद्धचा उठाव सुरू झाला होता त्या दोलोरेस गावी स्वतः जाऊन स्वातंत्र्याची आरोळी दिली. स्वप्नाळू होता, अभ्यासू होता. पण तुम्ही चांगले आहात म्हणून दुसऱ्याच्या घरात मालक होऊन बसता येत नाही ना. जमीनदार रागावले, लिबरल तर त्याच्याकडे येणारच नव्हते, बहुतेकांसाठी तो फ्रेंचांचा माणूसच राहिला.

आणि मग ३ ऑक्टोबर १८६५ चं फर्मान. हत्यारासकट सापडलेल्या रिपब्लिकन, म्हणजे हुआरेसच्या बाजूच्या, माणसाला चोवीस तासांत मृत्युदंड, दयेचा अर्ज नाही. त्याच महिन्यात उरुआपानला आर्तेआगा आणि सालासार या दोन जनरलना गोळ्या घातल्या, पकडलेले युद्धकैदी होते ते. बाझेन या फ्रेंच सेनापतीने आग्रह धरला असेल, हुआरेस देश सोडून पळाला अशी खोटी खबर मॅक्सिमिलियनला दिली गेली असेल, पण सही बादशहाची. टूरमध्ये या फर्मानाचा एक शब्द नव्हता. मला राग आला तो ह्याचा. ज्यांच्या घरातली माणसं त्या कागदाने मारली गेली, त्यांचा उल्लेखसुद्धा न करता तुम्ही फक्त बेडरूम दाखवता, आणि तेही त्यांच्याच देशात.

आता गाड्यांची खोली. इथे दोन घोडागाड्या ठेवल्यात. एक मॅक्सिमिलियनची समारंभाची, सोनेरी, इटलीत घडवलेली, कोरीवकाम, देवदूत, मखमल, बघितल्यावर डोळे दिपतात. आणि दुसरी हुआरेसची, काळी, साधी, आपल्याकडे जुन्या टांग्याला असेल तेवढाच शौक. राजधानी सोडली ३१ मे १८६३ ला, तेव्हापासून चार वर्षं हा माणूस सरकार गाडीत घेऊन फिरला, सान लुइस पोतोसी, साल्तियो, मोंतेर्रेय, चिवावा, शेवटी अमेरिकेच्या हद्दीवर पासो देल नोर्ते, त्या गावाला आज सिउदाद हुआरेस म्हणतात. हद्द ओलांडली नाही. देशाचं दफ्तर बैलगाड्यांवर लादून नेत होते, ते पुढे नेणं अशक्य झालं तेव्हा उत्तरेतल्या एका गुहेत लपवलं, तिथल्या गावकऱ्यांनी जिवावर उदार होऊन राखलं. ते ऐकून बाबा एकदम म्हणाले, "राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा आपलं राज्य असंच चाललं होतं की घोड्यावरून." बरोबर आहे, सिंहासन, गडकोट काही हातात नाही पण कारभार चालू.

त्या खोलीत शाळेची सहल आली होती, पाचवी-सहावीची मुलं असतील. सोनेरी गाडीपाशी सगळ्यांनी गर्दी केली, साहजिक आहे, मग त्यांच्या बाईंनी सगळ्यांना काळ्या गाडीपाशी आणून बसवलं आणि काहीतरी विचारलं, आणि मुलं एका सुरात हुआरेसचं ते वाक्य म्हणाली, की माणसामाणसांत जसं तसंच राष्ट्राराष्ट्रांत, दुसऱ्याच्या हक्काचा आदर म्हणजेच शांतता. इथे प्रत्येक पोराला ते पाठ असतं. माझ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मी बाबांना अर्थ सांगितला. ते गाडीसमोर हात जोडून उभे राहिले, देवळात राहतात तसे.

नंतर बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी साताऱ्याचं काढलं. १८१८ मध्ये इंग्रजांनी पेशवाई बुडवली आणि प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. फरक आहे, महाराज परके नव्हते, गादी त्यांचीच, शिवछत्रपतींची. पण तिला अधिकार किती हे एल्फिन्स्टनने ठरवलं, आणि महाराज स्वतःच्या मताने वागायला लागले तेव्हा १८३९ मध्ये त्यांना काढून काशीला पाठवलं, तिथेच ते वारले. महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षं दारं ठोठावत राहिले. १८४८ ला राज्यच खालसा. "बसवणारा उठवतो पण," बाबा म्हणाले, आणि पाण्याची बाटली उघडली.

मॅक्सिमिलियनच्या बाबतीत अगदी तेच झालं. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि तिथलं सरकार फ्रान्सला डोळे दाखवायला लागलं, शेजारी प्रशिया तयार होत होता, फ्रान्समध्ये लोक खर्चाला कंटाळले. १८६६ च्या सुरुवातीला नेपोलियन तिसऱ्याने सैन्य परत बोलावणार म्हणून सांगितलं. कार्लोटा स्वतः पॅरिसला गेली, त्याच्यासमोर रडली, भांडली, मग रोमला पोपकडे गेली, आणि तिथे तिचं मन कोलमडलं. १८६७ च्या मार्चपर्यंत शेवटचे फ्रेंच जहाजावर चढले. मॅक्सिमिलियन जाऊ शकत होता त्यांच्याबरोबर. नाही गेला. ह्या एका निर्णयाबद्दल मला त्याचा आदर आहे.

ओरोस्को या मेक्सिकन चित्रकाराचं मोठं भित्तिचित्र याच इमारतीत आहे, ते बघून मग बाहेर पडा. हुआरेसचं प्रचंड डोकं, भिंतभर, आणि खाली कापडात गुंडाळलेलं बादशहाचं प्रेत ज्यांनी त्याला आणलं तेच लोक वाहून नेतायत. आम्ही तिथे बराच वेळ होतो. कुणी घाई केली नाही, गार्ड आजी-आजोबांना बसायला जागा दाखवतात, फार चांगली माणसं आहेत.

ज्यांच्याकडे अजून एक दिवस आहे त्यांनी केरेतारोला या, गोष्ट तिथे संपते. १८६७ च्या मार्चपासून १५ मे पर्यंत हुआरेसच्या जनरल एस्कोबेदोने शहराला वेढा घातला होता, बादशहा आत होता, शेवटी आतल्याच एका कर्नलने वाट दिली असं म्हणतात. खटला एका नाट्यगृहात चालला, बादशहा आजारी म्हणून हजर नव्हता. ते नाट्यगृह अजून आहे, त्यालाच आता तेआत्रो दे ला रेपुब्लिका म्हणतात, आणि १९१७ ची मेक्सिकोची राज्यघटना तिथेच मंजूर झाली, आत जाऊन खुर्चीत बसून बघा. व्हिक्टर ह्यूगोने, गॅरिबाल्डीने हुआरेसकडे जीवदान मागितलं, तो बधला नाही. १९ जून १८६७ ला सकाळी सेर्रो दे लास काम्पानास म्हणजे घंटांच्या टेकडीवर तिघांना उभं केलं, मॅक्सिमिलियन, मिरामोन आणि मेहिया. मधली मानाची जागा मॅक्सिमिलियनने मिरामोनला दिली, गोळ्या घालणाऱ्यांना सोन्याचं एकेक नाणं दिलं. हा मिरामोन म्हणजे तोच, जो आधी चर्चवाल्यांचा राष्ट्राध्यक्ष होता आणि ज्याने येकर नावाच्या स्विस सावकाराकडून ते भरमसाट कर्ज उचललं होतं, ज्याच्या वसुलीचं निमित्त फ्रान्सने केलं. मेहिया हुआरेससारखाच आदिवासी घरातला, पण शेवटपर्यंत बादशहाबरोबर राहिला. बादशहाचं प्रेत त्याच नोव्हारा जहाजावरून परत गेलं.

टेकडी छोटीशी आहे, आता गावाच्या मधोमध बाग आहे, पोरं क्रिकेट नाही पण फुटबॉल खेळतात, माझ्या घरापासून चालत जाता येतं. ऑस्ट्रियाने बांधलेलं लहान चॅपल आहे आणि त्याच्या वरच्या बाजूला हुआरेसचा अजस्र पुतळा. आईला तिथे नेलं. तिने चॅपलमध्येही हात जोडले आणि पुतळ्यालाही.

जायच्या सोयीचं सांगते. सोमवारी म्युझियम बंद. मेट्रोची गुलाबी एक नंबर लाइन, स्टेशनचं नावच चापुल्तेपेक, तिथून बागेतून चालत. रविवारी मेक्सिकोच्या लोकांना आणि इथे राहणाऱ्यांना फुकट असतं, त्यामुळे प्रचंड गर्दी, आठवड्यातला दिवस धरा. शहर समुद्रसपाटीपासून २२०० मीटरच्या वर, त्यात टेकडीची चढण, वयस्कर माणसं असतील तर सावकाश, दम लागतो. खायचं आत नेऊ देत नाहीत, आधी खाऊन जा. पाट्या बहुतेक स्पॅनिशमध्ये, इंग्रजी कमी, म्हणून फोनवर भाषांतराचं ॲप डाउनलोड करून ठेवा. गाइड घ्यायचाच असेल तर बुक करायच्या आधी मेसेज करून विचारा की ३ ऑक्टोबरचं फर्मान आणि हुआरेसची गाडी दाखवणार का, उत्तरावरून कळेल घ्यायचा की नाही. आणि निदान तीन तास हाताशी ठेवा, आम्ही दुसऱ्या दिवशी साडेचार तास होतो, निघायच्या आधी बाबा परत एकदा काळ्या गाडीपाशी जाऊन आले.